फळाला न लावलेला चाकू

माझ्या बैठकीत काचेचं एक कपाट आहे. त्यात घडीचे चाकू आहेत. हाडाच्या मुठीचे, पितळेच्या मुठीचे, शिसवीचे. एक माशाच्या आकाराचा, एक किल्लीएवढा. बाजारांतून, जत्रांतून, जुन्या सामानाच्या दुकानांतून आयुष्यभर जमवलेले. घरी येणारा माणूस त्या कपाटापुढं उभा राहतो आणि विचारतो, यातला पहिला कोणता? मी वरच्या फळीवरचा सांबरशिंगाच्या मुठीचा चाकू काढून दाखवतो. सांगतो, "हा दगडूआण्णांचा. मी मोसंबीचे डोळे चांगले भरायचो, म्हणून त्यांनी बक्षीस दिला."

चाकू आण्णांनी दिला हे खरं आहे. बक्षीस दिला हे खोटं आहे.

या खोट्यानं कुणाचं काही बिघडत नाही, असं मी धरून चाललो होतो. मागच्या उन्हाळ्यात बदनापूरला एका लग्नाच्या पंगतीत आण्णांचा पणतू माझ्या शेजारी बसला. चांगला मुलगा आहे, रोपवाटिका चालवतो. समोरचा कुणीतरी त्याला म्हणाला, "तुमच्या घरात ही विद्या जुनीच म्हणायची." तो हसत म्हणाला, "कसली विद्या हो! आमच्या पणजोबांनी राजूरकडं मोसंबी म्हणून जंबेरीची बाग लावून दिल्ती." पंगत हसली. मीही हसलो.

ती जंबेरी आण्णांच्या हातून लागली नव्हती. माझ्या हातून लागली होती. हे सांगणारा आता माझ्याशिवाय कुणी उरलेला नाही.

आण्णांचा आणि आमचा मळा लागून होता, मध्ये एक बांध. निजामाचं राज्य होतं. मोसंबी तेव्हा आमच्या भागात नवलाची होती आणि ती वाढवायची कशी हे ठाऊक असलेली माणसं थोडी. मोसंबी सहसा बी लावून करत नाहीत. आधी जंबेरीचं रोप वाढवायचं. जंबेरी म्हणजे आंबट, ओबडधोबड फळाचं, पण मुळांनी चिवट असं झाड. त्या रोपाच्या सालीला चीर द्यायची, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा अलगद काढून त्या चिरेत बसवायचा आणि केळीच्या सोपटानं बांधायचा; याला डोळे भरणं म्हणतात. डोळा जगला, की वरचं सगळं झाड मोसंबीचं. खालचा खुंट मात्र जन्मभर जंबेरीच राहतो आणि संधी मिळाली की बुडातून आपले फुटवे काढतो. एवढं समजलं, की पुढचं सगळं समजेल.

आण्णा हे काम आसपासच्या गावांत जाऊन करत. धंदा म्हणून नव्हे. स्वतःची जमीन होती, चार लेकी नांदत होत्या, घरात भागाकाकू होत्या, मुलगा शेती बघत होता. शरीर धिप्पाड आणि आवाज बारीक. पाठमोरे उभे राहून बोलले, तर आतून कुणी बाई बोलतेय असं वाटावं. बैल त्या आवाजाला मुळीच भीत नसत. हाक मारायची वेळ आली की आण्णा काकूंना पुढं करत. "तूच वरड. तुपला आवाज मर्दानी हाय."

चाकू बंडीच्या आतल्या खिशात, करदोट्याला दोरीनं बांधलेला. दोन पाती. मोठं चिरेसाठी, धाकट्याचं टोक बोथट केलेलं, साल उचलायला. हा चाकू कुठून आला याच्या तीन हकिकती आण्णा स्वतःच सांगत. एका हकिकतीत रेल्वेतला गोरा साहेब होता, दुसरीत हैदराबादचा अत्तरवाला होता, तिसरीत ते स्वतः रुळाच्या कडेला परसाकडं बसले होते आणि चाकू समोर पडलेला होता. मला तिसरी खरी वाटते, कारण ती सांगताना ते काकूंकडं बघत नसत.

बोलणं संपलं असं त्यांना वाटलं, की ते चाकू मिटत. टक्क असा आवाज होई. पुढं कितीही वाद घाला, आण्णा बोलायचे नाहीत. काकू म्हणत, "झालं! लावलं ह्यांनी दार."

त्या चाकूनं त्यांनी कधी फळ कापलं नाही. एकदा महसुलाचे गिरदावरसाहेब पिकांच्या पाहणीला आले होते. आण्णांच्या ओट्यावर बसले, समोर आंबे ठेवले. साहेब म्हणाले, "क्या दगडू, जरा चाकू दे. आम काटना है."

आण्णा म्हणाले, "साब, ये चाकू झाड का है. आम कू दात हैं ना तुमकू."

गिरदावरांचे पुढचे दात पडलेले होते. सगळा ओटा त्यांच्या तोंडाकडं बघू लागला. आण्णांच्याही लक्षात आलं. त्यांनी घाईघाईनं चाकू काढला, हातात धरला, पुन्हा खिशात घातला. देववेना. शेवटी भागाकाकूंनी आतून विळी आणून ठेवली. निजाम सरकारचा गिरदावर विळीवर बसून आंबा चिरतोय, हे दृश्य आमच्या गावानं त्याच दिवशी पाहिलं. साहेब खुशीत होते. जाताना म्हणाले, "तुम्हारा मरद पागल है भाभी, पर आम अच्छे हैं."

"लई दिवसांचं हाय ते," काकू म्हणाल्या. आंब्यांबद्दल की नवऱ्याबद्दल, ते कुणी विचारलं नाही.

आण्णांचं सगळ्यात निराळं वागणं पाण्याबद्दलचं. लेकीला मूल होईपर्यंत बापानं तिच्या सासरचं पाणी प्यायचं नाही, अशी आमच्याकडं रीत. आण्णांनी ती झाडांना लावली होती. डोळा म्हणजे त्यांच्या लेखी लेक, आणि जंबेरीचा खुंट म्हणजे तिचं सासर. डोळा बांधून झाला की बागवाल्याला विचारत, "पाणी बराबर देशीन ना हिला? आमची हाय ती." आणि ज्या बागेत डोळे भरले, तिथं झाडाला पहिलं फळ येईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नसत. आपली भाकरी आपल्या फडक्यात, आपलं पाणी आपल्या भोपळ्यात. पैसेही घेत नसत. एकच बोली असे. पहिलं फळ आलं की मला बोलवा. मग ते जायचे, झाडाखाली बसून नखांनी फळ सोलून खायचे, आणि त्यानंतर बागवाल्याच्या घरी तांब्याभर पाणी मागून प्यायचे. त्या पाण्याला लोक मान द्यायचे. कितीतरी घरांतून त्या दिवशी पुरण शिजे.

मी जालन्याला चार इयत्ता शिकून आलो होतो म्हणून आण्णा मला मुनशी म्हणत. जालन्याहून आणलेल्या माझ्या वहाणा करकरत. "मुनशी, तुपल्या वहाणा दोन शेतं आधी बोलायला लागत्यात," ते म्हणायचे. मला त्यात नुसती थट्टा वाटायची. पुढं लक्षात आलं, की ते आता सगळ्यांनाच पावलांवरून ओळखत होते. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. कुणाला कळू देत नव्हते. सालीची चीर बोटानं चाचपून देत, डोळा अंगठ्यानं बसवत, आणि एकही वाया जात नसे. माझं लग्न होऊन वर्ष झालं होतं. सवड मिळाली की मी त्यांच्याबरोबर जाई, सोपटाच्या पट्ट्या देई. तुला डोळे आहेत, मला हात आहेत, असं काहीतरी ते एकदाच बोलले होते. चाकू मात्र माझ्या हातात देत नसत.

त्याच हिवाळ्यात माझ्या सासऱ्यांनी मोसंबी लावायचं मनावर घेतलं. त्यांची शेती राजूरजवळ. त्या अंगाला मोसंबीची बाग कुणी पाहिली नव्हती. जंबेरीची रोपं त्यांनी वाढवून ठेवली होती आणि डोळे भरायला आण्णांना आणायचं, असा माझ्यामार्फत निरोप होता. मला केवढा अभिमान! जावई माणूस आणतोय.

निघायच्या सकाळी आण्णांच्या विहिरीजवळच्या थोरल्या झाडाच्या काड्या कापायच्या होत्या. आण्णांनी चाकू करदोट्यापासून सोडला आणि पहिल्यांदाच माझ्या हातात दिला.

"काड्या तूच काप आज. शेंड्याकडच्या घे, गोल. पानं छाट, पण देठं ठेव. मी बैलाकडं बघतो."

बैलाकडं बघायला गडी होता. वर चढून काडी निवडणं आता त्यांच्याच्यानं होत नव्हतं, आणि तसं बोलायचं नव्हतं.

सासरी जायचं म्हणून मी नवा कोट घातला होता. मोसंबीच्या झाडाला काटे असतात. वर हात घालायचा म्हणजे कोट जाणार. झाडाच्या बुडाशी मात्र सरळ, रसरशीत, बोटभर जाडीचे फुटवे उभे होते. वाकलं की हातात. मी ते कापले. खालून फुटतं ते जंबेरीचं, हे मी आण्णांच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्या वेळी आठवलं नाही, एवढंच खरं. काड्या नीटनेटक्या दिसाव्यात म्हणून काटे काढले, देठंही साफ उडवली, आणि जुडी ओल्या फडक्यात गुंडाळली.

वाटभर आण्णा मला अरेतुरे करत होते. राजूरच्या गणपतीचा कळस दिसला तसे गाडीतूनच हात जोडले आणि म्हणाले, "आता तू जावईबापू. मुनशी मागंच ऱ्हायला." सासऱ्यांच्या दारात गाडी थांबली आणि ते मला खरोखरच तुम्ही म्हणू लागले. आमच्याकडं जावयाला त्याच्या सासरी कुणी बोल लावत नाही. वडीलधारे सुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी रोपांपाशी बसून आण्णांनी जुडी सोडली. पहिली काडी बोटांत फिरवली. पुन्हा फिरवली. मग माझ्याकडं तोंड केलं.

"देठं कामून काढले हो? देठावरून जात कळती."

माझे सासरे, मेहुणे, दोन-चार शेजारी, सगळे उभे होते. मी म्हणालो, "तुमच्याच झाडाच्या आहेत आण्णा. मी काय दुसऱ्याच्या आणीन?"

सासरे हसले. "आण्णा, जावई आमचे शिकलेले हैत."

आण्णांच्या ओठांवर पुढचा प्रश्न आला होता. वरच्या की खालच्या? प्रश्न आलेला मला दिसला; तो कोणता, ते पुढं कळलं. त्यांनी काडी नाकाशी नेली, पण फडक्याला रात्रभराचा ओला वास होता. मग म्हणाले, "जावईबापूंनी आणल्यात, मंग बराबरच असत्यान." आणि त्यांनी चाकू मिटला. टक्क. क्षणभरानं पुन्हा उघडला आणि कामाला लागले.

दोन दिवस डोळे भरले. आण्णांनी तिथलं पाणी घेतलं नाही. सासूबाईंना ती रीत कळली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

पुढच्या उन्हाळ्यात मी आण्णांच्या विहिरीवरून जात होतो. भागाकाकू थोरल्या झाडाच्या बुडाशी बसून फुटवे उपटत होत्या. "बघ की, पुन्हा आलं हे जंबेरीचं," त्या म्हणाल्या. माझ्या कापण्याचे वण तिथंच होते, जमिनीपासून वीतभर वर. मी ते पाहिले आणि मला सगळं कळलं.

तेव्हा सांगितलं असतं, तर निभावलं असतं. झाडं कोवळी होती. खाली छाटून पुन्हा डोळे भरता आले असते. मी सांगितलं नाही. आधी वाटलं, सणाला जाऊ तेव्हा सांगू. सणाला गेलो तर सासरे मला बागेत घेऊन गेले. झाडं झपाट्यानं वाढली होती. जंबेरी वाढतेच तशी. "जावईबापू, काय हात हाय आण्णाचा! आन् माणूस आणला कुणी?" पाट मांडलेला, भोवती रांगोळी, ताटात पुरणपोळी. माझी बायको कौसल्या दाराआडून हसत होती. मी जेवलो. पुढच्या वर्षीही तेच. प्रत्येक वर्षी सांगणं थोडं थोडं अवघड होत गेलं, आणि झाडं मोठी होत गेली.

मग फळ आलं आणि ठरल्याप्रमाणे बोलावणं आलं.

आण्णांना तोवर फक्त उजेड-अंधार कळत होता. मी त्यांना हात धरून बागेत नेलं. भावकी जमली होती. सासऱ्यांनी पहिलं पिकलेलं फळ तोडून आण्णांच्या ओंजळीत ठेवलं. फळ पिवळं, खडबडीत. तिथं कुणाला फरक माहीत नव्हता. आण्णांनी अंगठा फिरवला. त्यांचं तोंड हसरं होतं, ते तसंच राहिलं, फक्त अंगठा थांबला. मग त्यांनी नख लावलं. साल सैल सुटून आली. मोसंबीची साल अशी सुटत नाही. ती फळाला धरून असते. वास पसरला.

त्यांना तिथंच बोलता आलं असतं. ते खाली बसले आणि फोड तोंडात घातली. मग दुसरी. लोक कौतुकानं बघत होते. आण्णांनी अख्खं फळ खाल्लं, डोळ्याची पापणी न हलवता. बिया हातात घेतल्या. नंतर म्हणाले, "पाटील, हे जंबेरी हाय. मोसंबी न्हाई."

सासऱ्यांना आधी थट्टा वाटली. त्यांनी एक फळ फोडून चाखलं आणि थुंकले.

"सगळी?"

"सगळीच असत्यान. एकाच जुडीच्या काड्या हुत्या."

"मंग हे झालं कसं? काड्या कुणी..."

"मपल्या डोळ्यांनी झालं," आण्णा मध्येच बोलले. त्या बारीक आवाजात त्यांनी कुणाला तोडलेलं मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं. "मला दिसत न्हवतं. म्या सांगितलं न्हाई कुणाला. काडी वळखायचं काम मपलं हुतं."

"डोळे गेल्ते तर सांगायचं असतं आण्णा!" सासरे ओरडले. "इतकी सालं पाणी घातलं म्या ह्याला!"

"बिलकुल खरं हाय," आण्णा म्हणाले.

मी त्यांचा हात धरून उभा होतो. माझ्या हातातला त्यांचा हात आंबट रसानं चिकट झाला होता.

सासूबाई रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या घेऊन आल्या होत्या. आण्णांनी हात जोडले. "न्हाई माय. पोर नांदली न्हाई." आणि ते तसेच, तोंडात ती आंबट चव घेऊन, गाडीत बसले.

परतीच्या वाटेवर राजूरचा कळस मागं पडल्यावर त्यांनी विचारलं, "मुनशी, काड्या खालच्या हुत्या ना रे?"

गाडीत आम्ही दोघंच होतो. गडी बैलांच्या पुढं चालत होता. यापेक्षा सोपी जागा मला कुणी दिली नसती.

मी म्हणालो, "मला काय माहीत आण्णा. तुमच्या झाडाच्या होत्या."

"बरं."

त्यांनी करदोट्याची दोरी सोडली आणि चाकू माझ्या मांडीवर ठेवला. मिटलेलाच होता. "तुपल्यापाशी ठेव. खालचं फुटवं दिसलं की काढीत जा, आपल्या अन् शेजारच्या झाडांचं. मला आता दिसत न्हाई." मग म्हणाले, "कौसल्येला काही बोलू नको. माहेर हाय तिचं."

बक्षीस म्हणून मी सांगत आलो तो चाकू हा असा.

त्यानंतर आण्णांना बोलावणी आली नाहीत. आण्णाची मोसंबी हा आमच्या बाजारात शब्दच झाला. दिसायला चांगलं आणि निघायला वाईट अशा कशालाही म्हणत, बैलाला, घड्याळाला, जावयालासुद्धा. तो शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हाही मी काही बोललो नाही. सासऱ्यांनी बाग तोडून ज्वारी पेरली. माझा पाट, माझी रांगोळी जशीच्या तशी राहिली. कौसल्या माहेरी ताठ मानेनं गेली आणि आली. हे सगळं आण्णांनी एका फळात विकत घेऊन मला दिलं होतं.

फुटवे काढायचं काम मी केलं, पण त्या चाकूनं हात धजेना. जालन्याच्या बाजारातून दुसरा चाकू आणला. पहिला कोनाड्यात एकटाच पडून असायचा. येता-जाता नजर त्याच्यावरच जाई. म्हणून त्याच्याशेजारी आणखी एक आणून ठेवला. मग आणखी एक. लोक त्याला छंद म्हणतात. मीही म्हणू लागलो.

पोलीस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, त्या पावसाळ्याच्या शेवटी आण्णा मला शेवटचे दिसले. गावात वेगळीच धांदल होती, मिठाई वाटत होते. मी मळ्याकडं चाललो होतो. खिशात त्यांचा चाकू होता. त्या दिवशी का घेतला होता ते आठवत नाही; बहुधा आज सांगूनच टाकू, असं मनात असावं.

आण्णा थोरल्या झाडाखाली बसले होते. धिप्पाड माणूस आता नुसता सांगाडा. झाडाच्या बुडाभोवती ते बोटांनी चाचपत होते. फुटवा लागला की पान खुडायचे, चुरगळायचे, नाकाशी न्यायचे, मग फुटवा मुळातून मोडून बाजूला ठेवायचे. एक झाला की दुसरा. घाई नाही, राग नाही. लहान मुलाच्या डोक्यातल्या उवा बघाव्यात तसं.

माझ्या वहाणा करकरल्या. त्यांचा हात थांबला आणि तोंड माझ्याकडं वळलं.

मी जागीच उभा राहिलो. मग वाकून वहाणा काढल्या, हातात घेतल्या आणि बांधाच्या कडेकडेनं, ओल्या मातीतून, आवाज न करता मागं फिरलो.

थोडं पुढं गेल्यावर मागून तो बारीक आवाज आला.

"मुनशी, पाणी पिऊन जा रे."